परसात विटांची बार्बेक्यू भट्टी: गवंड्याला काय सांगायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगलीजवळ घर, मागे मोकळी जागा, जमीन काळी. तिथे बार्बेक्यूसाठी विटांची पक्की भट्टी हवी. गवंडी म्हणतो, 'दोन फुटांचा खड्डा घेऊ, चार इंची भिंत सिमेंटात उचलू, आतून प्लास्टर, वर ग्रॅनाइट. एका दिवसाचं काम.' आणि तुम्ही विचारताय की फायर ब्रिक, म्हणजे जास्त उष्णता सोसणारी वीट, खरंच लागते का, की दुकानदाराने गळ्यात मारायची वस्तू आहे.

फायर ब्रिकचं नंतर बोलू. खरी अडचण वेगळीच आहे. तुमचा गवंडी भिंत बांधतोय, तुम्हाला हवी आहे चूल. भिंतीत आपण सगळं एकमेकांना घट्ट चिकटवतो, जेणेकरून काही हलू नये. आगीजवळचं बांधकाम मात्र हलणारच. तापलं की फुगतं, विझलं की आखडतं. त्याला हलायला जागा दिली नाही तर ते स्वतःच फट पाडून जागा करून घेतं.

हे मी शहाणपणाने नाही, फजिती होऊन शिकलो. बावीस-तेवीस वर्षं बंगल्यांची आणि फार्महाऊसची बांधकामं करतोय. पहिली बार्बेक्यू भट्टी सासऱ्यांच्या मळ्यात बांधली तेव्हा मीही तुमच्या गवंड्यासारखाच विचार केला होता. चांगली कराडची वीट, एकास चारचा माल (एक सिमेंट, चार वाळू), आतून घोटून गुळगुळीत प्लास्टर. वीस दिवस पाणी मारलं. हुरड्याच्या दिवसांत सगळे पाव्हणे जमले, कोळसा फुलला, आणि अर्ध्या तासात आतल्या प्लास्टरची थाळीएवढी खपली 'फाट्' करून उडाली. ती नेमकी मॅरिनेट केलेल्या चिकनच्या परातीत. कुणाला लागलं नाही हे नशीब. सासरे काही बोलले नाहीत, पण पुढची दोन वर्षं त्या भट्टीत कोथिंबीर लावली होती.

झालं काय होतं? दोन गोष्टी. पहिली पाण्याची. सिमेंटच्या मालात आणि विटेत मुरलेलं पाणी तापून वाफ होतं, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते. गुळगुळीत घोटलेल्या प्लास्टरमधून ती बाहेर पडू शकत नाही, म्हणून खपली उडवून निघते. दुसरी गोष्ट खुद्द सिमेंटची. जमलेल्या सिमेंटमध्ये चुन्याचा एक भाग असतो, तो साधारण ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान फुटतो आणि त्याची कळीच्या चुन्यासारखी अवस्था होते. फुललेला कोळसा ७०० च्या पुढे सहज जातो, म्हणजे त्याला टेकलेल्या सांध्याची सुटका नाही. पण लगेच काही दिसत नाही, आणि फसगत होते ती इथेच. हिवाळाभर भट्टी छान चालते. पावसाळ्यात त्याच सांध्यांना ओल लागते, चुना पुन्हा पाणी पिऊन फुगतो आणि दसऱ्याला बघाल तर सांध्यातला माल बोटाने खरवडून निघतो. मग लोक म्हणतात गवंड्याने सिमेंट खाल्लं. कधीकधी खाल्लेलंही असतं, पण प्रत्येक वेळी नाही.

आमच्या आईची मातीची चूल आठवा, तुमच्याही घरी असेल. ती कायमची टिकेल अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. माती, तूस, शेण कालवून घातलेली. तडा गेला की दुसऱ्या दिवशी पोतेऱ्याचा हात फिरायचा. आतून झिजायची, आतून भरली जायची. विटांची भट्टीही अशीच दोन भागांत बांधायची. बाहेरचा भाग कायमचा, सिमेंटातला, ओळंब्यात. आतला भाग झिजणारा, सिमेंट नसलेला, उचकटून बदलता येईल असा. दोघांची गाठ बांधायची नाही. एवढं गवंड्याला पटवलंत तर बाकीचं तो तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं करेल.

आता खड्डा की ओटा. माझं मत स्पष्ट आहे, काळ्या जमिनीत खड्डा नको. मुरमाड जमीन असेल, उतार असेल, तर आगटीसारखा खड्डा चालतो. हुरड्याच्या आगटीला किंवा रायगडातल्या पोपटीला तर पक्कं बांधकामच लागत नाही, ती मजाच वेगळी. पण तुमची जमीन पाणी धरून ठेवते. जूनमध्ये तो हौद होईल आणि आत बेडकं नांदतील. शिवाय खड्ड्यातल्या कोळशाला खालून हवा मिळत नाही, तो नुसता धुमसतो. वर तासभर वाकून शीग फिरवायची म्हटलं की कंबर बोलायला लागते. जाळी जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर ठेवा. घरातल्या ओट्याची उंची साधारण तेवढीच असते, हाताला सवय असते.

पाया हा तुमच्या बाबतीत विटेपेक्षा महत्त्वाचा. काळी माती पावसात फुगते आणि एप्रिलमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचा पाया खोल असतो म्हणून घर सहन करतं. चार फुटांची भट्टी नुसत्या कोब्यावर, म्हणजे काँक्रीटच्या थरावर, उभी केलीत तर ती दुसऱ्या वर्षी एका अंगाला कलते. भट्टीच्या मापापेक्षा चारी बाजूंनी वीतभर जास्त खणा. मुरूम लागला तर तिथे थांबा. नाही लागला तर किमान दोन फूट काळी काढून टाका आणि मुरूम भरा, पण एकदम ओतू नका. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने ठोकायचं. त्यावर दगडी सोलिंग, म्हणजे दगड रचून ठोकलेला थर, त्यावर चार इंच कोबा. कोबा जमिनीपासून तीन-चार इंच वर राहू द्या आणि भोवती उतार काढा. काढलेली काळी माती बागेत टाका, भट्टीच्या पोटात भरायला वापरू नका. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण मजूर हमखास तेच करतात. ढीग समोरच असतो ना.

जागा ठरवताना वारा बघा. कागदावर कुठल्या दिशेने वारा येतो याला फार अर्थ नाही. तुमचं घर, कंपाउंडची भिंत, शेजारचा गोठा, हे सगळं वाऱ्याला वळवतं. मी गिऱ्हाईकाला सांगतो की आठ-दहा दिवस, ज्या वेळी जेवणं होणार त्याच वेळी, त्या जागेवर घमेल्यात थोडा ओला पाला पेटवा आणि धूर कुठे जातो ते बघा. वारा आडवा, म्हणजे भाजणाऱ्याच्या डाव्या-उजव्या हाताने, गेला पाहिजे. मागच्या भिंतीवरून समोर येणारा वारा भिंत ओलांडून खाली गिरकी घेतो आणि धूर तोंडावर आणतो. पाठीवर येणारा वाराही बरा नाही. आपल्याच अंगाच्या आडोशात धूर घुटमळतो. घरापासून दहा-बारा फूट तरी लांब, वर आंब्याची फांदी किंवा विजेची तार नको, पत्र्याच्या बंद शेडमध्ये तर मुळीच नको, कोळशाचा वायू माणसाला कळू न देता घेरतो. आणखी एक. तुमच्याकडे शेजारी ऊस असणार. बार्बेक्यूचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकच. बांधापलीकडे वाळलं पाचट पसरलेलं असताना ठिणगी उडाली तर मटण बाजूला राहील, पोलिसांत जावं लागेल. त्या बाजूला मागची भिंत चार थर उंच घ्या आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा.

आता मापं. माझ्या हिशेबात आतली रुंदी दोन फूट, म्हणजे ६० सेंटिमीटर, आणि खोली ५० च्या आसपास. सहा-आठ माणसांच्या घराला हे भरपूर झालं. यापेक्षा मोठी करण्याचा मोह होतो, पण मग चार माणसांच्या वांग्याच्या भरतासाठीही दोन घमेली कोळसा ओतावा लागतो आणि भट्टी वापरातून जाते.

तीन बाजूंनी नऊ इंची भिंत, इंग्रजी यू अक्षरासारखी, समोर पाच थरांची चार इंची बुटकी भिंत. नऊ इंची विटेचा थर सांध्यासकट साडेआठ सेंटिमीटर धरा. खालचे पाच थर नेहमीसारखे, सांधेमोड सांभाळून (उभ्या सांध्यावर उभा सांधा न येऊ देता), एकास सहाच्या मालात. चुना मिळाला तर एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू असा माल करा. तो जरा लवचीक राहतो. वाळू नसेल तर क्रश सँड चालेल, फक्त फार भुकटी असलेली नको. खालच्या थरात समोरून एक उभा सांधा न भरता सोडा, आत शिरलेलं पाणी तिथून निघून जाईल.

हा पाच थरांचा पोकळ डबा तयार झाला की आत दगडगोटे आणि मुरूम ठोकून भरा, वरचे पाच सेंटिमीटर सोडून. तिथे कोरडी वाळू. पुष्कळ लोक खाली लाकडं ठेवायला कमान काढतात. फोटोत छान दिसते. माझ्या अनुभवात त्या कमानीत लाकडं कमी आणि विंचू जास्त राहतात. भरीव करा, शिवाय स्लॅब ओतायचा खर्च वाचतो.

पाचव्या थरानंतर बांधणी बदलते. आता बाहेरची अर्धी भिंत साध्या विटेची, सिमेंटात, आणखी पाच थर. आतली अर्धी फायर ब्रिकची, आणि दोघांमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट. ती फट मालाने भरायची नाही. गवंड्याची थापी आपोआप तिकडे जाते, म्हणून त्या दिवशी स्वतः समोर उभे राहा. मी फटीत पुठ्ठ्याची पट्टी लावून बांधून घेतो. पहिल्या जाळात पुठ्ठा जळून जातो, फट राहते. तळाला वाळूवर फायर ब्रिक नुसत्या आडव्या मांडायच्या, कशानेही चिकटवायच्या नाहीत.

फायर ब्रिक लागतेच का, याचं प्रामाणिक उत्तर, वापरावर आहे. वर्षातून चार-पाच वेळा पेटवणार असाल तर चांगली खणखणीत भाजलेली साधी वीट आतल्या बाजूला चालते. सिमेंट न वापरता मातीच्या मालात लावली तर पाच-सहा वर्षं काढते. दोन विटा एकमेकींवर वाजवा, धातूसारखा आवाज आला पाहिजे, नखाने ओरखडा उठता कामा नये. चोवीस तास पाण्यात ठेवून वजन २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं तर ती परत करा. तुमच्या कृष्णाकाठी चांगल्या विटेची वानवा नाही. पण दर शनिवारी पेटणार असेल, किंवा लाकडाचा मोठा जाळ करणार असाल, तर फायर ब्रिक घ्या. दुकानात 'आयएस ८' म्हणून मागा, नऊ बाय साडेचार बाय तीन इंचांची मिळते. तुम्हाला भिंतीला पस्तीस आणि तळाला बारा लागतील, तूटफूट धरून पन्नास. साध्या विटा दोनशे आणा. भंगारातल्या फाउंड्रीच्या जुन्या फायर ब्रिक स्वस्त मिळतात, पण त्यांवर धातूचा मळ बसलेला असतो. अन्न भाजायच्या ठिकाणी मी त्या लावत नाही.

सिमेंटची पोकळ ब्लॉक, राखेची वीट, पांढरे हलके ब्लॉक यांतलं काहीच आत नको. कडप्पा आणि शहाबादीही नको. दोन्ही चुनखडीचे दगड, कोळसा टेकला की पापुद्रे सुटतात. बाजूला परात ठेवायला कडप्प्याची फळी हवी तर बाहेरच्या भिंतीवर जरूर टाका. ग्रॅनाइटचं उत्तरही तेच, आगीपासून हातभर लांब असेल तर शोभेसाठी चालेल. नदीतले गोटे शोभेलाही आत ठेवू नका. त्यांच्या पोटात ओल असते आणि ते बंदुकीसारखे फुटतात.

फायर ब्रिकच्या सांध्याला फायर क्ले, म्हणजे उष्णता सोसणारी माती. घोळ इडलीच्या पिठाएवढा, वीट त्यात बुडवायची आणि दाबून बसवायची. सांधा दोन-तीन मिलिमीटर, त्याहून जाड नको. इथे एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. साधी फायर क्ले दगडासारखी पक्की व्हायला जी उष्णता लागते ती बार्बेक्यूत मिळत नाही. म्हणजे तुमच्या भट्टीत ती कायम मातीच राहणार आणि पावसाने धुपणार. बिघडत नाही. भट्टीवर पावसाळ्यात पत्रा टाका आणि दिवाळीच्या साफसफाईत धुपलेले सांधे पुन्हा भरून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, मी पोतेरंच म्हणतो त्याला.

जाळी भिंतीत गाडू नका. हा माझा हट्टच समजा. ६० सेंटिमीटरची सळई ५०० अंशांनी तापली की साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांबते, वीट त्याच्या निम्मीही फुगत नाही. दोन्ही टोकं सिमेंटात घट्ट असतील तर सळई विटेलाच ढकलते आणि बरोबर त्याच थराला आडवा तडा जातो. त्याऐवजी फॅब्रिकेटरकडून आत सुटी उभी राहणारी चार पायांची घोडी करून घ्या, लोखंडी अँगलची. खाली कोळशाची जाळी तळापासून सात सेंटिमीटर वर, म्हणजे राख खाली पडेल आणि हवा खेळेल. वर भाजायच्या जाळीला तीन खाचा. सगळ्यात खालची कोळशापासून चार इंचांवर, पापड, भाकरी, कणसं यांना. मधली सहा इंचांवर, चिकन, पनीर, सुरमईचे तुकडे. सगळ्यात वरची, शिजलेलं गरम ठेवायला. भरताचं वांगं मात्र थेट निखाऱ्यात, त्याला जाळी कशाला?

भाजायची जाळी स्टेनलेसची करा. गॅल्व्हनाइज्डची अजिबात नको. कुंपणाची उरलेली जाळी कापून वापरणारे मी पाहिलेत. त्यावरचं जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, आणि जाळ जोराचा असेल तर त्याचा पांढरा धूर निघतो. तो श्वासात आणि मटणात दोन्हीकडे नको.

एका दिवसाचं काम हे नाही. पाया एक दिवस, विटा दोन दिवस, मग सात-आठ दिवस बाहेरच्या भिंतीला पाणी. मग पाणी बंद आणि तीन आठवडे भट्टी नुसती सुकू द्या. या तीन आठवड्यांत घरातले लोक तुम्हाला रोज विचारतील, कधी पेटवायची. दाद देऊ नका. मग पहिल्या दिवशी काटक्यांचा मूठभर जाळ, अर्धा तास. भिंतीवर बाहेरून हात ठेवा, घाम सुटल्यासारखी ओल दिसेल. तेच पाणी बाहेर काढायचंय. दुसऱ्या दिवशी जरा जास्त, असं पाच-सहा दिवस. ओल दिसेनाशी झाली की मग बाभळीचा कोळसा आणि पूर्ण जाळ. आतल्या विटांत केसाएवढे तडे पडतील, त्यांची काळजी करू नका. बाहेरच्या भिंतीला तडा दिसला तर मात्र समजा की फट कुठेतरी मालाने भरली गेलीय.

इतकं वाचून धीर खचला असेल तर आणखी एक वाट आहे. या हिवाळ्यात काहीच पक्कं बांधू नका. सव्वाशे विटा आणा, मुरूम टाकून सपाट केलेल्या जागेवर मालाशिवाय नुसत्या रचा, कमरेच्या जरा खाली, वर जाळी. चार वेळा भाजून बघा. धूर कुठे जातो, परात ठेवायला जागा कुठे कमी पडते, दोन फूट रुंदी पुरते का, सगळं कळेल. बहुतेक गिऱ्हाईकं यानंतर जागा तरी बदलतात नाहीतर माप तरी. विटा काही वाया जात नाहीत, त्याच पुढे पक्क्या कामाला लागतात.

सासऱ्यांच्या मळ्यातली दुसरी भट्टी मी याच पद्धतीने बांधली. अकरा हिवाळे झाले. तळाच्या तीन विटा आणि मागच्या दोन बदलल्या, घोडी एकदा नवीन केली. बाहेरच्या भिंतीचे सांधेही अजून पुन्हा भरावे लागलेले नाहीत.

तुमच्याकडे आधी एक करा. पहारीने खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते बघा आणि कळवा. चार फुटांतही लागला नाही तर पायाचं गणित थोडं बदलेल, ते मग सांगतो. तोवर गवंड्याला आगाऊ पैसे देऊ नका.